अठ्ठावीस की एकोणतीस

१६ सप्टेंबर, देवास

आजही आला. एवढासा. कार्बन मोनॉक्साइड असं लांबलचक लिहायचा आता कंटाळा येतो, यापुढे इथे नुसता मोनो. भांड्यात कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ, तळाशी माझी पिवळी पूड, वरून दिवा. चार तास. वायू मोजायच्या यंत्राच्या कागदावर मोनोच्या जागी टेकाड यायला हवं. आलं, पण कसलं टेकाड, कागदाला सुरकुती पडावी तेवढं. सर चष्मा वर करून बघत म्हणाले, "वसुधा जी, है तो सही, पर इतने में मानेगा कौन?" मी म्हटलं, जो मोजेल तो मानेल. मनातून मीच मानत नाही.

मुदतवाढ शेवटची आहे. ३१ मार्चला प्रबंध जमा, नाहीतर नोंदणी रद्द. बी.एस्सी.च्या वर्गांना शिकवून उरलेल्या वेळात काढलेली सहा वर्षं. नको असलेला वायू घ्यायचा, उजेडाच्या जोरावर त्याचा कामाचा वायू करायचा, एवढंच माझं म्हणणं. होईल. करीनच.

२० सप्टेंबर

पुडीचे फोटो आले, बाहेरगावच्या मोठ्या मायक्रोस्कोपवरचे. काळ्यावर पांढरे ठिपके, अनारशावर खसखस तशी. प्रत्येक ठिपका म्हणजे तांब्याचा एक अणू. एकेकटा. घोळका कुठेही नाही!! युरिया भाजून पिवळी पूड करायची आणि तीत तांबं असं पेरायचं की अणू एकमेकांना भेटताच कामा नयेत, ह्यात माझी तीन वर्षं गेली. भट्टी जरा तापली की मेले गोळा होतात. गोळ्यातले आतले नुसते बसून असतात, काम बाहेरचे करतात. एकटा बसवला की प्रत्येकाला कामाला जुंपता येतं.

रिद्धीला दाखवले. यंदा माझ्या हाताखाली आलीय. वडील कारखान्यात नोकरीला म्हणून देवासला आले, ही इथलीच. आडनाव जोशी, मराठी बोलते, पण वाचता येत नाही, म्हणून ही वही टेबलावर उघडी ठेवली तरी चालते. म्हणाली, "ताई, एवढे सगळे अकेले? बोअर नाही होत?" हसले. बऱ्याच दिवसांनी.

२८ सप्टेंबर, धार

भांड्याचा वॉल्व्ह गळतोय. सगळं काढून पिशवीत घातलं आणि बाबांकडे आणलं. इंदूरला बस बदलताना कंडक्टर म्हणे, मैडम कुकर है क्या. हो म्हटलं. समजावत कोण बसेल.

सर त्याला रिॲक्टर म्हणतात. भांडं हा बाबांचा शब्द, आणि केलंय बाबांनीच. आमच्या घराण्यात सगळे दरबारचे कारकून नाहीतर मास्तर, बाबा एकटे लोखंडात गेले. तीस वर्षं शिफ्टच्या बसनं पीथमपूरचा कारखाना, टूलरूम. रिटायर झाल्यावर हमीदभाईंच्या लेथवर हे स्टीलचं भांडं कातलं, वर काचेची खिडकी बसवली, तिच्यावर फिरवून कसायची आट्यांची रिंग. विकत आणलेलं ह्याच्यापुढे फिकं पडेल. हे मी मुलगी म्हणून नाही म्हणत. (म्हणतेही.)

आई म्हणाली, सहा वर्षं हवेतून काहीतरी काढते आहेस म्हणतेस, एकदा डब्यात घालून आण की, शेजारी दाखवीन. आणलं तर शेजारी मरतील, विषारी आहे, म्हटलं. तिला पटलं नाही. विषारीच काढायचं होतं तर एवढं शिकलीस कशाला, म्हणाली. म्हटलं, पुढे त्याच्यापासून इंधन करता येतं. मग आधीच इंधन काढ, म्हणाली. सरांपेक्षा हिचे प्रश्न अवघड.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

सकाळपासून बाबांचा थाट. पाटावर व्हर्नियर, मायक्रोमीटर, कानशी, टॅपचा सेट. प्रत्येक वस्तू पुसून, तेलाचं बोट फिरवून, हळदकुंकू, झेंडू. यंदा मधोमध माझं भांडं. वॉल्व्ह कालच दुरुस्त झाला. मी म्हटलं, अहो बाबा, ते प्रयोगाचं आहे. तर म्हणाले, "माझ्या हातचं शेवटचं मोठं काम ते. ते पूजेबाहेर ठेवू?"  अक्षता मीच टाकल्या. एरवी मी पूजेच्या वेळी फोनमधे तोंड घालून बसते. आज नमस्कारसुद्धा केला, आणि मोनो वाढू दे म्हणून मागितलं. लिहायला लाज वाटते पण मागितलं.

५ ऑक्टोबर, देवास

भांडं आतून ॲसिटोननं तीनदा धुतलं, वाळवलं, बसवलं. खिडकीची रिंग उघडली नाही. बाबांनी स्वतः कसलीय. एकदा त्यांनी कसलं की माझ्यानं तसं कसलं जात नाही, उगाच गळायला लागेल. गळती तपासली. थेंबभर नाही.

९ ऑक्टोबर

पाचपट!!!

परत बघितलं. पाचपट. सुरकुती नाही, टेकाडच, डोंगर म्हणा. सिरिंज रिद्धीला धरायला लावली.

१३ ऑक्टोबर

तिसऱ्यांदा केलं. कायम आहे. थोडं कमी, पण आहे. सरांनी स्वतः उठून दरवाजा उघडला माझ्यासाठी. सहा वर्षांत पहिल्यांदा. मग म्हणाले, वॉल्व्ह गळत होता म्हणूनच कमी येत होता, बना-बनाया माल हवा में जा रहा था. बरोबर वाटतं. वॉल्व्हच. बाबांना फोन केला, तुमच्या वॉल्व्हनं काम केलं. म्हणाले, बरं, जेवलीस का.

४ नोव्हेंबर

दिवाळीची सुट्टी लेख लिहिण्यात गेली. आज पाठवला. माझं नाव पहिलं, सरांचं शेवटचं, मधे रिद्धीचं. रिद्धीनं आईला फोन करून सांगितलं की पेपरात नाव येणार. तिच्या आईला वाटलं वर्तमानपत्रात.

१२ डिसेंबर

उत्तर आलं. दोन्ही परीक्षकांनी चांगलं म्हटलंय. किरकोळ दुरुस्त्या, एक आकृती मोठी करा, दोन संदर्भ घाला, बस. महिन्याभरात परत पाठवायचं. म्हणजे झालंच. म्हणजे ३१ मार्च सहज. मी रस्त्यात रिक्षावाल्याकडे बघून हसले, तो बिचारा बिचकला.

१५ डिसेंबर

रिद्धीवर ओरडले. उगाच नाही, पण उगाचच. दुरुस्त्यांचे तक्ते करत होती, मधेच म्हणाली, "ताई, वॉल्व्ह बदलल्यावर आर्गॉनवालं परत नाही केलं ना आपण?"

आर्गॉनवालं म्हणजे तेच सगळं करायचं, फक्त कार्बन डायऑक्साइडच्या जागी आर्गॉन भरायचा. आर्गॉनमधे कार्बनच नाही, तेव्हा मोनो येता कामा नये. आला तर तो दुसरीकडून कुठून तरी येतोय. पहिल्या वर्षाच्या पोरालाही ठाऊक असतं. मी म्हटलं, उन्हाळ्यात केलंय, प्रत्येक नट बदलला की परत करत बसायचं का, आणि तू मला शिकवू नको. ती तक्ते करत बसली.

मग वही काढून बघितली. उन्हाळ्यातलं आर्गॉनवालं तांबं नसलेल्या पुडीवर केलेलं होतं. तांब्याच्या पुडीवर केलेलंच नाही. कधीच नाही. पुढच्या आठवड्यात करू असं माझ्याच अक्षरात लिहिलंय.

१६ डिसेंबर

आर्गॉन. चार तास. मोनो आला.

जवळजवळ तेवढाच.

१७ डिसेंबर

नळी बदलली, सिलिंडर बदलला, परत केलं. आला. दिवा बंद ठेवून केलं, नाही आला. पूड न घालता दिवा लावला, नाही आला. म्हणजे पूड आणि उजेड मिळून काहीतरी फोडताहेत, पण कार्बन डायऑक्साइड नाही. भांड्यात दुसरं काहीतरी आहे. काय आहे ते मला माहीत नाही. कालपासून नीट जेवले नाहीये. रिद्धी पोहे घेऊन आली, समोर बसून खायला लावले. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, ताई छोडो ना, मला तर फक्त तक्त्यात ती जागा रिकामी दिसली म्हणून विचारलं.

१८ डिसेंबर

खिडकीची रिंग उघडली. दोघींनी मिळून, दोन पाने लावून. आट्यांमधे पिवळट चिकट थर. बोट लावून वास घेतला, मशीनचं तेल. काचेखालच्या खाचेतही तेच, आणि खाचेच्या कोपऱ्यात लाल कण. कुंकू.

खंडेनवमी, म्हटलं रिद्धीला.

बाबांनी खंडेनवमीला सगळं उघडून, पुसून, तेल लावून बसवलं होतं. जसं दरवर्षी प्रत्येक हत्याराचं करतात. मी समोर बसून बघत होते! दिव्यानं भांडं तापतं, तेलाची वाफ आत उतरते, पूड तिच्यातला कार्बन फोडते, मोनो होतो. आत तीनदा धुतलं आणि जिथे तेल होतं तेवढंच सोडलं, कारण बाबांनी कसलेलं मोडायचं नव्हतं. जगात कुठल्या लॅबमधे हे झालं नसेल. पाचपट म्हणे.

१९ डिसेंबर

सरांना सांगितलं. कागद समोर ठेवले. त्यांनी दार लावलं. आर्गॉनचा कागद बघितला. मग विचारलं, परीक्षकांनी आर्गॉनबद्दल विचारलंय का. म्हटलं नाही. कशाबद्दलच नाही विचारलं, आकृती मोठी करा म्हणतात.

मग ते खिडकीकडे बघून बोलले. "मार्च निकल जाएगा, वसुधा जी. मेरी तो दो साल की नौकरी बची है, मेरा क्या. आप सोच लो. आप जो कहोगी, मैं साइन कर दूँगा."

खोटं लिहा असं नाही म्हणाले. गप्प बसा असंही नाही म्हणाले. माझ्यावर सोडलं. मला राग आला. त्यांनी रागवायला हवं होतं, फाडून टाका म्हणायला हवं होतं. सर कशाला आहेत मग?

२० डिसेंबर

मोह झाला. इथे तरी खरं लिहावं. कुठेही खोटा आकडा घालायचा नाही, नुसतं विचारलं नाही ते सांगायचं नाही. आकृती मोठी करायची, दोन संदर्भ, पाठवून द्यायचं. कोण धारच्या खंडेनवमीपर्यंत पोचणार आहे? दिवसभर हेच. पाठवायचं बटण समोर ठेवून दोनदा बसले.

दुसरा कोणी ही पूड करील, माझ्या आकड्यावर विसंबून दोन वर्षं घालवील, त्याला सुरकुतीच येईल, आणि तो म्हणेल आपलंच काहीतरी चुकतंय. हे डोक्यातून जाईना. अशी दोन वर्षं मी घालवली आहेत, दुसऱ्या कुणाच्या तरी आकड्यावर. तेव्हा त्याला शिव्या घातल्या होत्या.

२१ डिसेंबर, धार

बाबांना सांगायचं नव्हतं. वाटेत ठरवलं होतं की सांगायचं नाही. जेवताना त्यांनी विचारलं, वॉल्व्ह कसा आहे, आणि मी सांगून टाकलं.

आधी त्यांना पटेना. आट्यांना तेल न लावता कोणी बसवतं का, म्हणाले, जाम होतील, तोडावी लागेल रिंग. तीस वर्षांत कोरडा आटा त्यांनी हातात धरलेला नाही. मी कागदावर काढून दाखवलं, दिवा, काच, खाच, पूड. बघितलं. मग जेवणाचं पान तसंच सोडून म्हणाले, "म्हणजे जे आलं ते माझं तेल आलं."

हो म्हटलं. 

"मला एवढंच सांगायचं होतंस, वसू, की तेल वर्ज्य आहे."

मला सुचलंच नाही, बाबा. हे खरं आहे. मी केमिस्ट आहे आणि मला सुचलं नाही. तुमची पूजा होती.

आई माझ्यावर घसरली. जेवणाच्या पानावर सांगायचं काय अडलं होतं, वयाचं काही आहे की नाही त्यांच्या. बरोबर होतं तिचं. मी मागल्या दारी जाऊन रडले, मोठ्यानं, गाईसमोर.

२२ डिसेंबर, धार

सकाळी उठले तर बाबांची पिशवी भरलेली. पाने, मायक्रोमीटर, जाडा चष्मा. कोरडं बसवायचं तर रिंगचे आटे सैल कातावे लागतील आणि काचेखाली तांब्याची चकती लागेल, म्हणाले. म्हटलं तांबं नको, तांब्याचाच सगळा प्रश्न आहे, टेफ्लॉनची चालेल. बरं, टेफ्लॉन, म्हणाले, पण मी कापीन, बाजारातली जाडीला सारखी नसते.   नाताळनंतर येतो म्हणाले.

बसमधे बसून पत्र लिहिलं. चार ओळी. लेख मागे घेत आहोत, आर्गॉनमधेही मोनो मिळाला, कारण सापडलं आहे, भांड्यात राहिलेलं तेल, चूक माझी. देवासला उतरल्याबरोबर सरांना दाखवलं. वाचलं, एक शब्द बदलला (नम्रपणे ऐवजी खेदपूर्वक), सही केली. मग म्हणाले, चहा घेता का. सहा वर्षांत हाही पहिल्यांदाच. पाठवून दिलं.

हलकं वगैरे काही वाटलं नाही.  पण हात चालतो आहे. उद्यापासून शून्यापासून.

२ जानेवारी, देवास

बाबा आले. माझ्या खोलीत कॉटवर ते, खाली मी. सकाळी देवीच्या टेकडीकडे तोंड करून नमस्कार, मग थेट लॅब. कुणाशी ओळख नाही पाळख नाही, कोट काढून खुंटीला. रिद्धीला बोलावून सांगितलं, हे पकड, ते धर. तिनं आजोबा, आजोबा करत दिवसभरात त्यांच्याकडून मायक्रोमीटर वाचायला शिकून घेतलं. बाबांचा चहाचा कप हल्ली बशीवर वाजतो. हत्यार धरलं की हात हलत नाही. मी मुद्दाम बघत होते.

३ जानेवारी

स्टीलचा प्रत्येक तुकडा उकळला, धुतला, भट्टीत भाजला. बाबांना ते बघवेना. असं कोरडं ठाक लोखंड म्हणजे उघडं पोर, म्हणाले. शेवटी हातमोजे घालून रिंग बसवायची तर मोज्यात पकड येईना. मोजे काढतो म्हणाले, मी नाही म्हटलं. बोटांवरही तेल असतं. जरा चिडले. मग मोज्यानिशीच, चार वेळा करून, बसवली.

९ जानेवारी

आर्गॉन, तांब्याची पूड, दिवा. चार तास. सरळ रेघ. काहीही नाही.

आम्ही चौघं (सर, बाबा, रिद्धी, मी) रिकाम्या कागदाकडे बघत उभे होतो आणि खुश होतो. बाबांनी विचारलं, काही आलं नाही म्हणजे चांगलं ना? दोनदा विचारून खात्री केली.

१० जानेवारी

कार्बन डायऑक्साइड. आला. सप्टेंबरएवढाच, सुरकुती. बाबा दुपारच्या बसनं धारला गेले, बघायला थांबले नाहीत. मला वाटतं घाबरले.

१७ जानेवारी

पाच वेळा केलं. पाचही वेळा सुरकुती, आर्गॉनमधे पाचही वेळा नाही. तरी माझं समाधान होत नाही. सुरकुती इतकी बारीक आहे की यंत्राच्या खुरखुरीत आणि तिच्यात फरक करायला चष्मा लागतो. पुडीत युरियाचे न जळलेले तुकडे असतील, तेही कार्बनचेच. एकदा तोंड पोळलंय. आता फुंकून नाही, गार करून पिणार.

एकच उपाय आहे. जड कार्बन. त्याचा अणू साध्यापेक्षा एकानं जड असतो. जड कार्बनचा डायऑक्साइड भरला आणि मोनो खरंच त्याच्यापासून झाला, तर मोनोचं वजन एकोणतीस भरेल. तेलापासून, पुडीपासून, माझ्या बोटांपासून, कुठूनही दुसरीकडून झाला तर साधा, अठ्ठावीस. ह्यात वाद घालता येत नाही. गेल्या वर्षीच करायला हवं होतं. जड वायू मिळत नाही, महाग आहे, पुढे बघू, असं करत राहिलो.

३० जानेवारी

जड वायूची ऑर्डर दिली तर यायला एप्रिल. सर सकाळपासून फोनवर. एकेका जुन्या विद्यार्थ्याला शोधून काढताहेत, अरे भिया, तेरी लैब में थोड़ा पड़ा होगा, देख तो सही. मी आधी जे काय लिहिलंय त्यांच्याबद्दल ते खोडत नाही, पण हेही लिहून ठेवते.

१९ फेब्रुवारी

बाटली आली! तळहाताएवढी, अर्धी वापरलेली. हिशेब केला, एकाच प्रयोगापुरता वायू आहे. दुसरा डाव नाही.

२१, २२, २३ फेब्रुवारी

साध्या वायूवर रंगीत तालीम. रिद्धी वॉल्व्ह, मी सिरिंज. पहिल्या दिवशी मी एक खटका उलटा फिरवला. दुसऱ्या दिवशी तिनं. आज कोणीच नाही.

२४ फेब्रुवारी

केलं. सकाळी साडेनऊला दिवा लावला, दीडला बंद. चूक झाली नाही. मी मधे बोललेसुद्धा नाही, रिद्धी म्हणते तेच तिला सगळ्यात भीतिदायक वाटलं. वायू काचेच्या दोन नळ्यांत सील करून मीच इंदूरला नेऊन दिला. तिथल्या मशीनवर बसणारे तिवारी जी म्हणाले, शुक्रवार तक. मी म्हटलं नायट्रोजनचंही वजन अठ्ठावीस असतं, आधी कॉलमनं वेगळा करा, नाहीतर भलतंच दिसेल. मैडम, बीस साल से यही कर रहा हूँ, म्हणाले. तरी मी परत सांगितलं.

२५ फेब्रुवारी

चौथं प्रकरण दोन तऱ्हेनं लिहायला घेतलंय. एकोणतीसचं भराभर होतंय. अठ्ठावीसचं काल संध्याकाळपासून एकाच परिच्छेदावर आहे. त्यात तेलाची गोष्ट आहे, खाचेचं चित्र आहे, आणि हे की एकेकट्या अणूंची ही पूड सुंदर आहे पण आम्हाला हवं ते करत नाही. सर म्हणाले, हाही प्रबंध आहे, मी लढीन त्याच्यासाठी विद्यापीठात. पास करतील की नाही ते सांगता येत नाही, तेही म्हणाले.

२६ फेब्रुवारी

अठ्ठावीसचं पूर्ण झालं. खरं सांगायचं तर तेच जास्त चांगलं लिहिलं गेलंय.

बाबांचा फोन. कुठला आकडा यायला हवा ते विचारलं. एकोणतीस, म्हटलं. आईनं मागून विचारलं की देवापुढे तसं म्हणायचं का. म्हटलं नको, तुम्ही काही म्हणू नका, मागच्या वेळी मी म्हटलं होतं. बाबा हसले, ऑक्टोबरनंतर पहिल्यांदा ऐकलं. मग विचारलं, आणि अठ्ठावीस आला तर? म्हटलं तर भांडं घट्ट आहे आणि मी चुकले आहे. ते म्हणाले, मग मी एप्रिलमधे येतो, भांडं एवढंच ठेवू पण खिडकी मोठी करू, उजेड कमी पडत असेल. मी म्हटलं, बाबा, एप्रिलमधे माझी नोंदणीच नसेल. तर म्हणाले, "नोंदणी नसली म्हणून उजेड पडायचा थांबतो का?"

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

दुसऱ्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला असताना फोन वाजला. अकरा चाळीस. तिवारी जी. उचलला नाही. बत्तीस पोरं ब्युरेट धरून उभी होती, मधे सोडून जाता येत नाही. वाजून बंद झाला, परत वाजला. शेवटच्या पोराचं रीडिंग होईपर्यंत मी टेबलामागे उभी राहिले, आणि एकाला दोनदा तोच आकडा लिहून दिला.

आता स्टाफरूम. एकटीच आहे. रिद्धी दाराबाहेर उभी आहे, आत येत नाही.

फोन लावण्याआधी हे लिहून ठेवते, कारण आकडा कळल्यावर मी हे असं लिहिणार नाही. कळल्यावर माणूस म्हणतो, मला माहीतच होतं. मला माहीत नाही. मला एकोणतीस हवाय. खूप हवाय. आणि अठ्ठावीसचं प्रकरण छापून, माझी सही करून, सरांच्या टेबलावर सकाळीच ठेवून आले आहे. एकोणतीसचं अजून माझ्या पिशवीतच आहे, बिनसहीचं. कुठलाही आकडा आला तरी सोमवारी युरिया भाजायला घेणार आहे, दीड किलो, रिद्धीला सांगून ठेवलंय.

लावते. वाजतोय.